मावशीच्या दारातला घास

आमच्या गावात आमच्या पंथाची तीन घरं. बाकी सगळं गाव रेणुकाईचं, मरीआईचं, खंडोबाचं. आम्ही महानुभाव. आमच्यात परमेश्वर एक, त्याचे अवतार पाच, आणि त्याच्याशिवाय कोणाला हात जोडायचे न्हाईत. शेंदूर लावलेल्या देवाचा निवद खायचा न्हाई, भंडारा कपाळाला लावायचा न्हाई, कोंबडं-बकरं तर लांबच. गाव आम्हाला मानभाव म्हणायचं. मानभावी म्हणजे वरून गोड अन् आतून लबाड, असा अर्थ लोकांनी आधीच करून ठेवलेला. त्याला आम्ही काय करणार? लहानपणापासून ऐकलं, कान निबर झाले.

माझी बायको गेली त्याला आता वरीस होत आलं. आमच्यात पिंड न्हाई, कावळ्याची वाट पाहणं न्हाई. माती दिली, स्मरण केलं, घरी आलो. पण मातीला आलेला गावातला एक शहाणा माझ्या नातवाला म्हणाला, "तुझी आजी लई मोठी बाई. मरीआईनं तिला वाकवलं आन् गाव वाचवलं." मी त्याला तिथंच म्हणलो, तोंड सांभाळ. पण त्या दिवशी किती भांडणार. म्हणून हे लिहून राह्यलो. माझी शाळा चौथीपर्यंत, ती पण निजामाच्या राज्यात, अर्धी उर्दूत. मराठी वाचायला पोथीवरून शिकलो. अक्षर वाकडं असंल. पण झालं ते असंच झालं, आणि ते गावाला पण बराबर माहीत न्हाई आणि आमच्या मठाला पण न्हाई.

तिचं माहेर पिंपळगाव रेणुकाई. म्हणजे देवीच्या सावलीतच वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या ट्रंकेत देवीचा टाक होता, आईनं दिलेला. माझ्या आईनं तो काढ म्हणलं न्हाई. आमच्यात कोणावर जबरदस्ती करत न्हाईत, निदान माझ्या आईनं केली न्हाई. आमच्या भागात महानुभावांचा एक लहान मठ होता, बैलगाडीनं गेलं तर सकाळी निघून दुपारी पोचायचं. तिथं एक तपस्विनी होत्या. त्यांना सगळे थोरल्या बाई म्हणायचे. काळं लुगडं, डोकं भादरलेलं, आवाज पुरुषासारखा. माझी बायको यात्रेला म्हणून गेली आणि त्यांच्यापाशीच बसून राहिली. दुसऱ्या वर्षी तिनं त्यांच्याकडून उपदेश घेतला आणि टाक स्वतः नेऊन आईला परत दिला. तिची आई रडली. म्हणाली, "माझ्या देवीनं तुझं काय घोडं मारलं गं?" ती म्हणाली, "काहीच न्हाई माय. पण दोन ठिकाणी मन ठेवता येत न्हाई मला." त्यानंतर माहेरी गेली की ती कोरडी भाकर खायची, देवीपुढं ठेवलेलं पुरण खायची न्हाई. बहिणी हसायच्या. भावजया तर मुद्दाम ताट पुढं करायच्या.

हे एवढ्यासाठी सांगतो की नियम तिला आयता मिळाला नव्हता. मी जन्मापासून महानुभाव, मला काही सोडावं लागलं न्हाई. तिनं आईचं मन मोडून घेतलेला होता.

सकाळी जात्यावर बसायच्या आधी ती गाठी घेऊन बसायची. गाठी म्हणजे आमची माळ, दोऱ्याला गाठी मारलेली. एकेक गाठ बोटातून सोडत नाम घ्यायचं. तेवढा वेळ तिला हाक मारायची न्हाई. म्हैस हंबरली तरी न्हाई. मंग उठायची आणि दिवसभर दुसऱ्यांच्या घरी. कोणाचं बाळंतपण, कोणाला ताप, कोणाची म्हातारी हातरुणात घाण करून राह्यली आणि सुना नाक धरून उभ्या. ही जायची, धुवायची, यायची. मी म्हणायचो, "आपल्या घरात काम न्हाई का?" तर म्हणायची, "बाईंनी सांगितलंय, स्मरण बसून आन् सेवा उठून." थोरल्या बाईंचं आणखी एक सांगणं होतं, तहानलेल्याला पाणी न्हाई देणं ही पण हिंसाच.

चैत्रात मठाची यात्रा भरायची. तेव्हा मठाच्या मोठ्या चुलीवर स्वयंपाकाला बसायचा मान तिला मिळाला. हा मान सोपा न्हाई. त्या चुलीवरचं अन्न आधी देवाला उपहार म्हणून जातं आणि मंग साधू, तपस्विनी खातात. ज्याचा आचार चोख, त्यालाच तिथं बसवतात. पिंपळगावची पोर तिथं बसली म्हणून आमच्याच लोकांत कुरकुर झाली. माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, पंथाच्या तीन घरांतलं थोरलं घर त्याचं, तो म्हणाला, "पाहू किती दिवस टिकतंय." पण ती टिकली. यात्रेचा महिना आला की तिचा चेहरा नव्या नवरीसारखा व्हायचा. सगळ्या वर्षात ती स्वतःसाठी मागायची ते एवढंच. न लुगडं मागितलं, न दागिना.

रझाकारांची धांदल संपून काही वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. उन्हाळा मोठा होता, विहिरी खोल गेलेल्या, आणि गावात पटकी आली. सकाळी माणूस बोलून राह्यलं आन् दिवस मावळायच्या आत गेलं, असं. जुलाब, वांती, डोळे आत. भोकरदनहून सरकारी माणसं आली, सुया टोचल्या, विहिरीत लाल औषध टाकलं. लोक सुईला भिऊन ज्वारीच्या गंजीमागं लपले. आणि गावानं ठरवलं, मरीआईचा गाडा काढायचा.

गाडा म्हणजे लाकडाचा लहानसा रथ. त्यात देवी बसवायची, हळद-कुंकू, लिंबं, दहीभात, पुढं पोतराज आसूड मारत, आणि गावातली रोगराई त्या गाड्यात घालून शिवेपार नेऊन सोडायची. घरटी शिधा द्यायचा. पंथाच्या तीन घरांनी दिला न्हाई. कधीच देत न्हाई. दादाकडं चार माणसं आली आणि म्हणाली, "बाकीच्या टायमाला चालतं, आता न्हाई चालणार." दादा म्हणाला, "आमचा नियम आहे." ते म्हणाले, "तुमच्या नियमानं आमची माणसं मरून राह्यली." पाटलानं मध्ये पडून तेवढ्यावर भागवलं. पण त्या दिवसापासून नजरा फिरल्या. विहिरीवर आमच्या घागरीजवळ कोणी आपली घागर टेकवायचं न्हाई, जसं काही रोग आमच्याच घागरीतून निघाला.

ही मात्र घरोघर जाऊन राह्यली. पाणी उकळायचं, तांदळाच्या कण्यांची पातळ पेज करायची, मीठ टाकायचं, आणि पळीपळीनं पाजत बसायचं. हे तिला थोरल्या बाईंनी शिकवलं होतं. त्यांनी मागं कधी एका यात्रेत असंच पाहिलेलं. गावाची रीत उलटी. पटकीच्या माणसाला पाणी द्यायचं न्हाई, पाणी दिलं की वांती वाढती, असं पक्कं बसलेलं डोक्यात. जीभ सुकून काळी पडायची बिचाऱ्यांची. काही घरांनी तिला आत घेतलं, काहींनी दारातूनच परत लावलं. ज्यांना तिनं पाजलं त्यातले काही वाचले, काही न्हाई वाचले. ती डाक्टर नव्हती.

आमच्या शेजारी एक म्हातारी होती. आम्ही तिला मावशी म्हणायचो. नवरा कधीचा गेलेला, एकुलता पोरगा जालन्याला जिनिंगमध्ये कामाला, घरात म्हातारी आणि सून. सून अंबडकडची, कोवळी पोर, पोटुशी. मरीआईचा गाडा मावशीच्या दारातून निघायचा, पिढ्यानपिढ्या. म्हणून गावात तिचा दरारा. तोंडाची फाटकी. माझ्या बायकोला रोज एक टोमणा ठरलेला. "काय गं मानभावीण, आज कोणाचं गू काढायला चाललीस?" ही हसून म्हणायची, "तुमचं काढायची वेळ येऊ देऊ नका मावशी."

गाडा निघायच्या दिवशी सकाळी तिच्या सुनेला पटकी लागली.

आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. आधी ओकारीचा आवाज, मंग कण्हणं, मंग "पाणी, पाणी." तेच तेच. ही स्मरणाला बसलेली. मी सांगितलं ना, तेवढ्यात ती कधी उठत न्हाई. त्या दिवशी गाठी तशीच खाली ठेवून उठली. पेज शिजवली, पाणी गार केलं, आणि मला म्हणाली, "घागर घ्या, चला."

मावशीच्या दारात गाडा उभा होता. अंगणात बायका, पोतराज चिलीम ओढत बसलेला. मावशी उंबऱ्यात आडवी. हातात ताट, ताटात भंडारा, लिंबू आणि दहीभात. केस मोकळे, डोळे लाल.

"कुठं चाललीस?"

"सुनंकडं. पाणी पाजते."

"तुझ्या घरानं आईला दाणा दिला न्हाई म्हणून माझी पोर आडवी पडली. आन् तू पाणी पाजायला आलीस? पाणी घालून मारतीस तिला?"

"मावशी, तुम्हाला मला शिव्या द्यायच्या त्या द्या. पण सरका."

"आत यायचं तर हिला हात जोड," मावशीनं गाड्याकडं बोट केलं. "भंडारा लाव. आन् आईचा हा घास खा. न्हाई तर चालती व्हय. माझ्या घरात आईला न मानणारं पाऊल नको आज."

अंगणातली एक बाई म्हणाली, "ती कशाची खाती! तिनं माहेरच्या देवीचं खाल्लं न्हाई." दुसरी हसली.

मी मागं घागर घेऊन उभा. मी म्हणलो, "मावशी, हे बरं न्हाई." मावशीनं माझ्याकडं पाहिलं पण न्हाई. पाटलाला बोलवावं म्हणून मी वळलो. तेवढ्यात आतून आवाज आला. पाणी म्हणायचं होतं तिला, पण शब्द पुरा झाला न्हाई.

माझ्या बायकोनं डोक्यावरचा पदर नीट केला. गाड्याकडं वळली, हात जोडले, वाकली. मावशीनं तिच्या कपाळाला भंडारा फासला. मंग तिनं तळहात पुढं केला, मावशीनं त्यावर दहीभात ठेवला, आणि तिनं तो खाल्ला. पटकन गिळला न्हाई. चावून खाल्ला. मला वाटलं होतं कोणीतरी हसंल. कोणी हसलं न्हाई.

"आता सरका," ती म्हणाली. मावशी सरकली. मी घागर उंबऱ्यात ठेवली आणि मागं आलो. घरात बायाच होत्या, मी कशाला जाऊ.

दिवसभर आणि पुढचा दिवसभर ती तिथंच होती. पळीपळीनं पाजलं. पोर वाचली. पोटातलं राहिलं न्हाई, पण पोर वाचली. गाडा शिवेपार गेला. आणि नंतरच्या आठवड्यात पटकी ओसरली. लाल औषधानं असंल, सुईनं असंल, ज्यांना मरायचं ते मरून गेले म्हणून असंल. गावाचं म्हणणं मात्र एकच झालं, मानभावीण वाकली आन् आई शांत झाली.

मावशी वाजतगाजत आमच्या दारात आली. नवं लुगडं, नारळ, हळद-कुंकू. ज्या तोंडानं शिव्या द्यायची त्याच तोंडानं म्हणाली, "लेकी, आईनं तुला पदरात घेतलं."

बायकोनं लुगडं घेतलं न्हाई, नारळ घेतला न्हाई. म्हणाली, "आईचा नारळ आमच्यात चालत न्हाई मावशी."

"आगं पण परवा घास खाल्लास ना सगळ्यांसमोर!"

"परवा माणूस मरून राह्यलं होतं. आज कोण मरून राह्यलंय?"

मावशीला ते समजलं न्हाई. गावाला पण न्हाई. घास खाल्ला आणि नारळ नको, हे कोणतं गणित? लोकांनी आपल्या सोयीचं घेतलं आणि बाकीचं टाकून दिलं. नारळ परत गेला हे आज कोणाच्या ध्यानात न्हाई.

आमच्या लोकांत निराळाच जाळ पेटला. दादा घरी आला, ओसरीवर बसला न्हाई, उभ्यानंच बोलला. "गाव आम्हाला विचारून राह्यलं, कधी येता मरीआईला? शेवटी रेणुकाईच्या गावचीच ती. दूध तिथलंच पेलेली."

मी म्हणलो, "दादा, पोर मरत होती."

"मरणारे मरतात. आपण तीन घरं. तीन घरांचं काय शिल्लक राहतं रे, नियम सोडून? जमीन आहे का? पाटीलकी आहे? एक नियम होता, तो तिनं दहीभातासंगं खाल्ला."

दादाचा राग मला आला, पण तो खोटं बोलत नव्हता. आम्ही थोडे होतो. थोड्या माणसांना नियमाशिवाय दुसरी भिंत नसते. हे मी तेव्हाही जाणून होतो आणि आजही जाणतो. बायको आतून सगळं ऐकून राह्यली होती. दादा गेल्यावर तिनं माझ्यापुढं भाकर ठेवली आणि म्हणाली, "त्यांचं चूक न्हाई. पण माझंही न्हाई."

दादानं मठात जाऊन सांगितलं. यात्रा जवळ आली तसा निरोप आला, महंतबाबांनी दोघांना बोलावलंय.

महंतबाबा वाईट माणूस नव्हते. तब्येतीनं बारीक, बोलणं हळू. त्यांनी तिला समोर बसवलं. आजूबाजूला साधू, पंथाची गृहस्थ माणसं, आणि भिंतीला टेकून थोरल्या बाई. तेव्हा त्यांची नजर जात चालली होती. बाबांनी विचारलं, "असं असं झालं, खरं का माय?"

"खरं."

"बळजबरीनं झालं?"

इथं हो म्हणली असती तर काम झालं असतं. सगळे त्याचीच वाट पाहून राह्यले होते. ती म्हणाली, "न्हाई बाबा. कोणी हात धरला नव्हता. मी समजून वाकले."

बाबा म्हणाले, "उपास कर, स्मरण वाढव. आणि सगळ्यांसमोर एवढं म्हण की चूक झाली, परत असं होणार न्हाई. झालं. मंग चूल तुझीच आहे."

"उपास करते बाबा. सांगाल तितके करते. नियम मोडला, तो मोडलाच. पण परत होणार न्हाई असं कसं म्हणू? उद्या परत कोणी दारात आडवं पडलं आन् आत कोणी तडफडत असलं, तर मी परत वाकणार. मला माहीत आहे ना. मंग देवासमोर बसून खोटं बोलू?"

कोणीतरी मागून म्हणालं, "पाहा, जीभ पाहा." बाबांनी हात वर केला. त्यांचा चेहरा पडला होता. ते थोरल्या बाईंकडं पाहून राह्यले. बाई बोलल्या न्हाईत. भिंतीला टेकून गाठी सोडत बसल्या होत्या, बोटं थांबली न्हाईत.

"मंग चूल न्हाई माय," बाबा म्हणाले. "तुझ्या हातचं अन्न-पाणी इथं चालणार न्हाई. यायला बंदी न्हाई. स्मरणाला ये, निरूपणाला ये."

तिनं दंडवत घातला. सगळ्यांना घातला, दादाला पण. येताना गाडीत मी तिला म्हणलो, "तोंडानं म्हणायला काय जातं? सगळं जग म्हणतं." तिनं माझ्याकडं पाहिलं. बैल चालत होते, मी बैलांना शिव्या दिल्या.

मला वाटलं आता ती मठात जायची न्हाई. मी तर जायचो न्हाई असं ठरवलं होतं. चैत्र आला आणि तिनं गाडी जुंपायला सांगितली. तिथं गेली आणि झाडू घेतला. अंगण झाडलं. उष्टी भांडी बाहेरच्या हौदापाशी राखेनं घासली. घासलेली भांडी दुसऱ्या बाया पाण्यानं परत विसळून आत न्यायच्या. तिच्यासमोर विसळायच्या. लिंबाखाली आजारी पडलेले यात्रेकरू असायचे, त्यांना पाहायची. चुलीवर दादाची सून बसलेली. तिचं वरण करपायचं. एकदा तिनं आतून येऊन हिला हळूच विचारलं, "काकू, एवढ्या डाळीला मीठ किती घालू?" हिनं सांगितलं. मीठ सांगितलेलं चाललं वाटतं, हातचं चाललं न्हाई. मी हे तिथल्या एका साधूला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तुम्ही लई कडू बोलता." मी म्हणलो, "वरण करपलेलं आहे, म्हणून तसं लागत असंल."

अशी वर्षं गेली. दरवर्षी कोणीतरी तिला बाजूला घेऊन म्हणायचं, एकदा म्हणून टाक ना. ती म्हणायची, "खरं व्हईल तेव्हा म्हणते." रोज सकाळी गाठी घेऊन बसायची तशीच. माहेरी कोरडी भाकर खायची तशीच. मावशीच्या घरचं काही आलं तर विचारायची, देवापुढचं आहे का. तो एक घास सोडला तर तिनं जन्मभर दुसरा खाल्ला न्हाई. मला कधी कधी वाटायचं, हिच्याएवढा नियम त्या चुलीवर बसलेल्या कोणी पाळला का?

मंग थोरल्या बाई पडल्या. डोळे गेलेले, कमरेखालून अंग हलत नव्हतं. निरोप यायची वाट न पाहता ही गेली आणि मठातच राहिली. मी अधूनमधून जायचो, भाजीपाला घेऊन. बाईंना पुसणं, कूस बदलणं, लुगडी धुणं, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून चोळणं, सगळं ही करायची. ते चालत होतं. खाऊ-पिऊ दुसरी एक तपस्विनी घालायची.

एका दुपारी मी तिथंच होतो, दारापाशी. ती दुसरी तपस्विनी भिक्षेला गेलेली. बाईंनी ओठ हलवले. पाणी. तांब्या उशाशी होता. माझ्या बायकोनं तो उचलला, एका हातानं बाईंचं डोकं वर केलं, आणि तांब्या ओठापाशी नेला. आंधळ्या बाईंना काय दिसलं? हाताचा वास ओळखला असंल. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. म्हणाल्या, "दुसऱ्या कोणाला हाक मार."

माझ्या बायकोनं तांब्या खाली ठेवला, अलगद, पाणी सांडू न देता. आणि अंगणात धावत गेली. मी तिला तशी धावताना कधी पाहिली नव्हती, पन्नाशीकडं झुकलेली बाई. स्वयंपाकघरातून एका बाईला हाताला धरून आणली. तिनं पाजलं. घोट घोट, बाईंचा गळा वाजत होता. पाणी पिऊन झाल्यावर बाईंनी चाचपडत माझ्या बायकोचा हात शोधला आणि आपल्या छातीवर ठेवला. बोलल्या काहीच न्हाईत. तसाच धरून झोपल्या. पुढं दोन-चार दिवसांत गेल्या.

परतताना मी गाडीत बोललो. मनात होतं ते सगळं बोललो. "बाईंनीच शिकवलं ना तुला, तहानलेल्याला पाणी न देणं हिंसा? मंग तुझ्या हातचं नाकारणं काय आहे? हात धरून काय फायदा, तोंड फिरवलं ना?"

ती रस्त्याकडं पाहत म्हणाली, "बाईंनी मरताना पण नियम सोडला न्हाई. मला बरं वाटलं पाहून."

"बरं वाटलं?"

"रडू पण आलं. दोन्ही झालं. तुम्हाला एकच काहीतरी पाहिजे असतं."

मला ते तेव्हा पटलं न्हाई. आजही पटत न्हाई. बाईंनी एक शब्द बोलायला पाहिजे होता. त्या दिवशी महंतबाबांसमोर भिंतीला टेकून बसल्या होत्या तेव्हा तर पाहिजेच होता. मोठी माणसं गप्प बसतात आणि लहान माणसं त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ लावत जन्म काढतात. माझ्या बायकोनं चांगला अर्थ लावला. तिचा स्वभाव तो. माझा न्हाई.

ती शेवटपर्यंत चुलीवर बसली न्हाई. ते महंतबाबा गेले, त्यांच्यानंतरचे गेले. कोणी तिला परत विचारलं न्हाई आणि तिनं मागितलं न्हाई. झाडूच राहिला हातात. गुडघे गेल्यावर तो पण सुटला.

आता ती गेल्यावर मठातून दोन तरुण साधू आले. चांगली पोरं, शिकलेली, मोटारसायकलवर. म्हणाले, "बाबा, आईंनी मठाची लई सेवा केली. येत्या यात्रेत त्यांच्या नावानं एक दिवसाचा उपहार करू. धान्य तुम्ही द्या, बाकी आम्ही पाहतो."

मी विचारलं, "तिच्या हातचं जिवंतपणी चाललं न्हाई. नावाचं कसं चालतं?"

त्यांना काही माहीत नव्हतं. मी सांगितलं, हे जेवढं लिहिलं तेवढं. मोठा होता तो म्हणाला, "ते जुनं झालं बाबा. आता कोण एवढं पाहतं?"

"मी पाहतो," म्हणलो. "तिनं जुनं केलं न्हाई, तुम्ही कोण करणारे? तिला एक वाक्य म्हणायला सांगितलं होतं सगळ्यांसमोर. ती म्हणाली न्हाई म्हणून चूल गेली. आता तुम्ही एक म्हणा. यात्रेत, सगळ्यांसमोर, निरूपणाच्या वेळी. म्हणा, उद्या आमची कोणी बाई अशी दारात अडली, आन् कोणाच्या जिवासाठी वाकली, तर तिची चूल आम्ही बंद करणार न्हाई. खरं असंल तर म्हणा. खरं नसंल तर म्हणू नका, खोटं बोलू नका. मंग धान्य घेऊन जा, घरातलं सगळं घेऊन जा."

लहान साधूचे डोळे भरून आले होते. मोठा म्हणाला, "आमच्या हातात न्हाई बाबा. महंतांना विचारून सांगतो."

चहा पिऊन गेले. नव्या ज्वारीची दोन पोती मी निवडून भिंतीला लावून ठेवलीत. यात्रा पुढच्या महिन्यात आहे. अजून कोणी आलं न्हाई. आले न्हाईत तर काय करायचं, ते मला ठरवता येत न्हाई. ती असती तर पोती आपणच गाडीत टाकली असती, काहीच न मागता. मला तसं करता येईल असं वाटत न्हाई. रस्त्यावर फटफटी वाजली की मी ओसरीवर येऊन उभा राहतो.